हात बदललेले विमान

बडनेऱ्याचे आयुष्य रुळांवर वाढले. इथे उतरणारा माणूस बहुधा पुढे कुठेतरी, अमरावतीला नाहीतर यवतमाळला, जायच्या घाईत असतो, आणि म्हणून या गावाला निघणाऱ्यांची आणि पोचणाऱ्यांची सवय आहे. यवतमाळच्या वाटेवर बेलोऱ्याची धावपट्टी आहे. 16 एप्रिल 2025 पासून तिथून मुंबईचे विमान सुटू लागले, आणि तिथेच वैमानिकांची प्रशिक्षणशाळाही योजली गेली. एका इंजिनाचे, चार आसनांचे चिमुकले विमान त्यामुळे इथल्या आकाशाला फार काळ परके राहणार नाही. तसले एखादे जुने विमान आपल्या बायको-मुलांसाठी निवडायचे झाले, तर माणूस नेमके काय निवडत असतो, हा प्रश्न माझ्या मनात रेंगाळतो. विमान घेण्याची ऐपत नसलेल्यालाही हा प्रश्न आपला वाटावा, इतका तो मनुष्यस्वभावाच्या जवळचा आहे.

सेसना 172 हे अशा कौटुंबिक उड्डाणांचे सर्वांत परिचित विमान. ते 1955 मध्ये प्रथम उडाले. 1986 मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि दहा वर्षांनी पुन्हा सुरू झाले; त्यामुळे बाजारात येणारी कित्येक विमाने घेणाऱ्याच्या जन्माआधीची असतात. आपल्याकडे बैलबाजारात दात पाहून जनावराचे वय ओळखतात. विमानाचे वय मात्र वर्षांवरून कळत नाही, ते उड्डाणाच्या तासांत मोजावे लागते. अशा इंजिनाचे बहुधा 2000 तास भरले, की ते संपूर्ण उकलून नवे करावे, असे निर्मातेच सुचवतात. मग तीस वर्षांत फारच थोडे उडालेले विमान म्हणजे जवळजवळ नवेच, असे भोळ्या मनाला वाटते आणि विकणाराही ते अभिमानाने सांगतो. पण जाणकाराची भुवई तिथेच वर जाते.

कारण या विमानांत सर्रास आढळणाऱ्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. इंजिन महिनोन् महिने बंद राहिले, की त्याच्यावरचे तेल हळूहळू निथळून जाते, उघड्या पडलेल्या पोलादाला दमट हवा लागते आणि गंजाचे बारीक ठिपके उमटतात. पुढे इंजिन सुरू झाले, की त्या ठिपक्यांपासून धातूचे कण सुटू लागतात. म्हणून मेकॅनिक ऑइल फिल्टर कापतो, त्याची कागदी घडी उलगडून उजेडात धरतो आणि तिच्यात चकाकणारे कण शोधतो. झीज ही कामाची खूण. गंज ही उपेक्षेची. विद्या, स्नेह, हाताचे कसब यांचेही असेच असते: जपून ठेवल्याने ती टिकत नाहीत, राबवल्यानेच टिकतात.

पण फिल्टर आजचे सांगतो. कालचे सांगते ते लॉगबुक. कोणत्या साली कोणता सिलिंडर बदलला, पंख कधी दुरुस्त झाला, कोणी तपासले, हे सारे तिथे तारखेनिशी लिहिलेले असते आणि प्रत्येक नोंदीखाली एक सही असते. त्या सह्या करणारी माणसे आपल्याला कधी भेटणार नाहीत. तरी मागच्या आसनावर झोपी गेलेल्या लेकराचा जीव आपण त्यांच्याच प्रामाणिकपणावर सोपवतो. अनोळखी माणसाच्या नेकीवर इतका गाढ विश्वास ठेवल्यावाचून संस्कृती नावाची गोष्ट मुळी उभीच राहिली नसती.

आणि मग वजनाचा हिशेब. आसने चार असली, तरी टाकी काठोकाठ भरल्यावर चार धडधाकट माणसे आणि त्यांचे सामान यांचा भार अशी विमाने सहसा पेलू शकत नाहीत. त्यात मे महिन्यातली अकोल्याची दुपार असेल, तर तापून विरळ झालेली हवा पंखांना पुरेसा आधार देत नाही, इंजिनाचा जोरही उणावतो आणि धावपट्टी आखूड भासू लागते. इंधन कमी घ्यायचे, सामान कमी घ्यायचे, की पहाटे निघायचे? जमिनीवरच्या संसारात आपण हे निर्णय पुढे ढकलू शकतो. उडणाऱ्या संसाराला मात्र काय मागे ठेवायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

जुन्या विमानांचा विषय निघाला, की एक उड्डाण आठवते. जे. आर. डी. टाटांनी 1932 मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पुस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी त्यांनी तीच वाट पुन्हा उडून पार केली. या वेळचे लेपर्ड मॉथ विमानही तिशीच्या दशकातल्या घडणीचे, पुढे चालक आणि मागे दोन आसने अशा घरगुती बेताचे होते. त्या दिवशीचे धैर्य टाटांचे खरेच. पण लाकडाची ती काया तोवर सांभाळून आकाशयोग्य राखणाऱ्या हातांचाही त्यात वाटा होता.

म्हणून मला वाटते, जुने विमान घेणारा एका परंपरेत प्रवेश करतो. इंजिन एखाद्या दिवशी किंचित कुरकुरले, तर ते वहीत नोंदवायचे की किंमत उतरेल म्हणून गिळून टाकायचे, हा पेच उद्या त्याच्याही पुढे येईल. ज्यांच्या सह्यांवर आपण विसंबलो त्यांचे ऋण त्यांना फेडता येत नाही. ते फेडायचे असते पुढच्या कुटुंबाला, ज्याला आपले नावही एका नोंदीपलीकडे ठाऊक असणार नाही.