कच्चा लिंबू

गगनबावड्याला आषाढात पाऊस लागला म्हणजे दिवसचे दिवस घराबाहेर पडवत नाही. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट धुक्यात बुडतात आणि आजीपासून नातवापर्यंत सारे एकाच खोलीत येऊन बसतात. अशाच एका मुक्कामात पाहिलेली ही गोष्ट. बाप आणि सात वर्षांचा मुलगा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळत होते. शेवटच्या वळणावर बापाने हळूच वेग कमी केला. मुलगा जिंकला आणि रडू लागला. ‘‘पप्पा, तुम्ही मुद्दाम हरलासा!’’

बापाने हे प्रेमापोटीच केले होते. मग मुलाला ते का बोचावे?

आपल्या अंगणातील खेळांना हा प्रश्न नवा नाही. लपंडावात धाकटे भावंड ‘कच्चा लिंबू’ असते. सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ही सवलत खेळापूर्वीच सर्वांसमक्ष ठरते, म्हणून तिच्यात फसवणूक नसते. सापशिडीत तर सवलतही नको. फाशापुढे आजी आणि नातू सारखेच. मात्र तेथे कौशल्याला वाव नाही, आणि मूल थोडे मोठे झाले की कंटाळते.

सर्व वयांसाठी व्हिडिओ गेम रचणाऱ्यांचा पेच हाच आहे. कौशल्य ठेवावे तर आजी मागे पडते, काढावे तर नातू उठून जातो. १९९६ च्या ‘क्रॅश बँडिकूट’मध्ये खेळाडू वारंवार हरू लागला की खेळ गुपचूप सोपा होई, म्हणजे त्या बापाचीच रीत. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने निराळी वाट धरली. (ही कंपनी १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी निघाली, घाटाखालच्या सावंतवाडीच्या गंजिफाकारांची दूरची व्यवसायभगिनीच म्हणा ना!) तिच्या २०१७ च्या ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’मध्ये नवख्याची गाडी रस्ता सोडू नये अशी सोय आहे. ती चालू असली की गाडीमागे अँटेना दिसते; काही आडवाटा मात्र बंद होतात. सवलत उघड, तिची किंमतही उघड.

दडवलेली दया समोरच्याला त्याच्या नकळत लहान ठरविते. नियमात आलेली दया त्याला खेळाडू म्हणून मान देते. अर्थात उघड सवलतही सलतेच. जन्मभर कच्चा लिंबू राहणे कोणाला आवडेल?

त्या घरातला खेळ हाच होता. संध्याकाळी नातवाने आजीच्या हाती खेळ दिला आणि ती सोय चालू केली. दोन फेऱ्या झाल्यावर आजीने विचारले, ‘‘माझ्याच गाडीला ही काडी कशाला रे?’’ त्याने सांगितले. आजी चष्मा पुसत म्हणाली, ‘‘मग काढ बघू ती.’’