बहिणीचा हिस्सा

उहुदच्या युद्धात हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले आणि त्यांची सारी मालमत्ता भावाने ताब्यात घेतली. विधवा पत्नी दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) दाद मागण्यास आली. तेव्हा वारसाहक्काची आयत अवतरली: मुलींना दोन तृतीयांश, पत्नीला एक अष्टमांश, उरलेले भावाला.

स्त्रीहक्कांचा विषय निघताच आपण हे अभिमानाने सांगतो. मग वडिलांचा इंतकाल होताच बहिणीपुढे हक्कसोडपत्र कसे येते? तिने राजीखुशीने सोडले, असे भाऊ म्हणतात. माहेर तुटेल या भीतीलाही राजीखुशी म्हणायचे काय? सूरह निसाने स्त्रीचा हिस्सा, थोडा असो वा जास्त, निश्चित केला आहे. तो सातबाऱ्यावर तिच्या नावे लागण्यापूर्वीच घेतलेली संमती आम्हांस तरी संमती वाटत नाही.