वापरणाऱ्याचा वाटा

जी वस्तू आपण विकत घेतली नाही, जिच्यासाठी एक पैसाही मोजला नाही, तिच्यात झालेल्या फेरबदलांविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस असतो काय? व्यवहारी मनुष्य या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात लावील. धर्माच्या गाईला दात का नाहीत म्हणून विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतातच. वस्तू आवडली तर वापरावी, न आवडली तर सोडावी. देणाऱ्याशी हुज्जत घालू नये. हा निकाल वरवर पाहता निर्दोष वाटतो. परंतु आम्हांस तो पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तपासणीसाठी आम्ही उदाहरण घेतो ते फायरफॉक्स या ब्राउझरचे. त्याचे आम्ही जुने वापरणारे. म्हणून त्याच्याविषयी बोलताना थोडे ममत्व येईल, ते वाचकांनी वजा करून घ्यावे. ब्राउझर म्हणजे संगणकावर जगभरची पाने उघडून दाखविणारे साधन. मराठीत त्यास कोणी ‘न्याहाळक’ असा प्रतिशब्द योजला आहे. तो बोलण्यात फारसा रुळला नाही, पण त्याचा अर्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे आणि पुढे आम्हांस तो उपयोगी पडणार आहे. केंद्र सरकारच्या कचेरीतील आमच्यासारख्या कारकुनाची नस्ती आता पुष्कळशी याच खिडकीतून पुढे सरकते. शिवाय आमचे राहणे तंजावरास. येथे मराठी ऐकू येते ती काही जुन्या घरांतून, आणि दिसते ती सरस्वती महालातील पोथ्यांत व मोडी कागदांत, किंवा सरफोजी महाराजांनी बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर १८०३ साली कोरवून ठेवलेल्या भोसले वंशाच्या इतिहासात. आजची मराठी, तिची वृत्तपत्रे, तिचे वादविवाद, तिचे नवे पुस्तक, हे सारे आमच्यापर्यंत येते ते त्या खिडकीतूनच. अशा खिडकीची चौकट कोणी हलविली, तर घरातल्या माणसास ते जाणवल्यावाचून राहत नाही.

फायरफॉक्सची हकीकत थोडक्यात अशी. नेटस्केप या कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली आणि तीतून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला. २००३ साली त्याच नावाची, नफा न कमावणारी संस्था स्थापन झाली आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोररचे जवळजवळ एकछत्री राज्य होते. पुढच्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात झळकली. तिचा खर्च कोणा भांडवलदाराने केला नव्हता. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून तो उभा केला होता, आणि सुमारे दहा हजार वर्गणीदारांची नावे त्या जाहिरातीत बारीक अक्षरांत छापली होती. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार व्हावा आणि ज्यांनी पाच-पाच रुपये दिले त्यांची नावे पायरीवर कोरली जावीत, तसाच हा प्रकार झाला.

पैशाचे असे, श्रमाचे त्याहून अधिक. हा ब्राउझर मराठीत मिळतो, तमिळातही मिळतो. त्याच्या यादीतील एकेक शब्द मराठीत आणण्याचे काम मुख्यतः हौशी माणसांनी, वेतनाची अपेक्षा न ठेवता केले. रात्री आपली नोकरी आटोपून कोणी तरी ‘बुकमार्क’ला काय म्हणावे याचा विचार करीत बसला असेल, तेव्हा आज तंजावरच्या पडद्यावर मराठी अक्षर उमटते.

आणि ज्यांनी पैसा दिला नाही की शब्दही दिला नाही, त्या बाकीच्यांनी काय दिले? आमचे उत्तर असे की, त्यांनी आपली सवय दिली. सवय हा शब्द आपण हलका समजतो. वस्तुतः ती साठविलेली मेहनत असते. कोणती खूण कोठे आहे, कोणते बोट कोणत्या कळीवर जावे, हे शिकण्यात प्रत्येकाचे काही तास, काही चुका आणि काही चिडचिड खर्ची पडलेली असते. जुन्या कारकुनास कोणत्या कपाटात कोणती नस्ती आहे हे अंधारातही सापडते. ते ज्ञान कपाटाच्या किमतीत धरलेले नसते, पण त्यावाचून कपाट निरुपयोगी असते. साधन बनविणारा त्याचा अर्धा भाग बनवितो. उरलेला अर्धा वापरणारा आपल्या हातांनी पुरा करतो. वस्तू फुकट मिळाली असली तरी हा दुसरा अर्धा भाग फुकट आलेला नाही. वापरणाऱ्याचा वाटा आहे तो हाच.

मग साधनात कधी बदलच करू नये काय? असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. पण सगळे बदल एका जातीचे नसतात. आम्हांस त्यांत तीन प्रकार दिसतात, आणि मोझिलाच्याच इतिहासात तिन्हींची उदाहरणे सापडतात.

पहिला बदल आवश्यकतेचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तावन्नावी आवृत्ती निघाली आणि जुन्या पद्धतीची सर्व जोड-साधने एका दिवसात निकामी झाली. लोकांनी वर्षानुवर्षे जपलेल्या कित्येक सोयी गेल्या. काही पुन्हा कधीच उभ्या राहू शकल्या नाहीत. परंतु ती जोड-साधने ब्राउझरच्या थेट अंतर्भागात हात घालीत असत. त्यामुळे वेगही वाढविता येईना आणि सुरक्षितताही राखता येईना. कारण खरे होते, ते सांगितले गेले, आणि सूचना दोन वर्षे आधी, २०१५ सालीच दिली होती. येथे वापरणाऱ्याचे नुकसान झाले, पण त्याच्यावर अन्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरा बदल देऊ केलेला. मार्च २०२५ मधील एकशेछत्तिसाव्या आवृत्तीत उघडलेल्या पानांची रांग वरच्या बाजूऐवजी उभी, कडेला लावण्याची सोय आली. ज्यास ती हवी त्याने मागून घ्यावी. ज्यास नको त्याच्या पडद्यावर तिची सावलीही पडत नाही. अशा बदलाविषयी कोण कुरकुर करील?

तिसरा बदल मात्र गुपचूप आत आणून बसविलेला. डिसेंबर २०१७ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रसिद्धीसाठी एक जोड-साधन पुष्कळांच्या ब्राउझरमध्ये त्यांस न विचारता उतरविण्यात आले. ओरड झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. जुलै २०२४ मधील एकशेअठ्ठाविसाव्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक यंत्रणा आधीच चालू करून ठेवलेली होती. नको असेल त्याने शोधून ती बंद करावी, अशी व्यवस्था. त्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्ट्रियातील ‘नॉयब’ या संस्थेने तेथील अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदविली. त्या यंत्रणेत खासगीपणा राखण्याची योजना होती, असे बनविणाऱ्यांचे म्हणणे. ते खरेही असेल. पण आमचा प्रश्न यंत्रणा चांगली की वाईट हा नाही. तुम्ही ती आमच्या घरी ठेवताना आम्हांस विचारले होते काय, हा आहे.

कचेरीत आमची कार्यपद्धती बदलते तेव्हा आधी परिपत्रक येते. त्यावर क्रमांक असतो, दिनांक असतो, कोणत्या तारखेपासून अंमल व्हावयाचा ते असते. परिपत्रकांची आम्ही पुष्कळ थट्टा करतो. पण ज्याचे हात उद्यापासून वेगळ्या रीतीने चालावयाचे आहेत त्यास आज सांगावे, हा सभ्यपणा त्या रुक्ष कागदात असतो. आधीच चालू करून ठेवलेली सोय हा सभ्यपणा टाळते. ती माणसाच्या मौनाला संमती समजते. आणि मौन कोणाचे असते? ज्याचा विश्वास असतो त्याचे. संशयी मनुष्य प्रत्येक नव्या आवृत्तीची छाननी करतो आणि खटके बंद करतो. विश्वास ठेवणारा काही पाहतच नाही. म्हणजे हा भार जो अधिक निष्ठावंत त्याच्यावरच अधिक पडतो. या प्रकारातील खरे अनीतीचे स्थान आमच्या मते येथे आहे. शिवाय न्याहाळकाचे काम आपल्या वतीने जग न्याहाळण्याचे. तोच जेव्हा कोणा तिसऱ्याच्या वतीने आपल्याला न्याहाळू लागतो, तेव्हा त्याने आपले नावच बदलून घ्यावे हे बरे.

न मागितलेल्या सोयीचे दुसरेही एक अंग आहे. २०१५ साली ‘पॉकेट’ ही लेख साठवून ठेवण्याची सोय फायरफॉक्समध्ये बसविण्यात आली. ती त्या वेळी दुसऱ्याच कंपनीची होती. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. २०१७ साली मोझिलाने ती कंपनीच विकत घेतली. पुढे कित्येकांस ती सोय खरोखर आवडली, त्यांनी तीत आपले वाचन साठविले. आणि ८ जुलै २०२५ रोजी ती बंद करण्यात आली. ज्यांनी नको म्हटले त्यांचे ऐकले गेले नाही, ज्यांनी हवी म्हटले त्यांचेही नाही. यावरून दिसते की, सोय देणे ही केवळ भेट नसते. लोकांस सवय लावणे म्हणजे त्यांचा वाटा स्वीकारणे होय, आणि स्वीकारलेल्या वाट्याचे उत्तरदायित्व असते.

आता व्यवहारी मनुष्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, संस्थेसही पोट आहे. हे खरे आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग शोधयंत्राच्या करारापोटी गूगलकडून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडूनच येतो. २००९-१० च्या सुमारास जगातील जवळजवळ एकतृतीयांश वापरणारे तिच्याकडे होते. आज शेकड्यात थोडेच उरले आहेत. अशा स्थितीत ती नवे काही करून पाहणारच. पण गिऱ्हाईक तुटत असता उरलेल्यांचा विश्वास खर्चून नवे मिळविणे हा शहाणपणा नव्हे. ते बियाणे दळून खाणे झाले.

तो पुन्हा म्हणेल, नको तर सोडून जा. पण जावयाचे कोठे? ऑपेराने २०१३ साली आपले स्वतंत्र यंत्र टाकले. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही २०२० पासून गूगलच्याच क्रोमियमचा पाया घेतला. नावे अनेक, पण घरे मोजकी. जेथे दुसरी पाणवठ्याची जागा उरलेली नाही, तेथे ‘दुसरीकडे पाणी भर’ हे उत्तर होत नाही. आणि निष्ठावंत तक्रार करतो ती सोडून जावयाचे नसते म्हणूनच. ज्यास जावयाचे असते तो तक्रार करीत बसत नाही, तो जातो.

नव्याचे स्वागत कसे व्हावे याचा एक दाखला आम्हांस तंजावरातच मिळतो. व्हायोलिन हे परदेशी वाद्य. कर्नाटक संगीतात ते आले एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्याचे श्रेय बालुस्वामी दीक्षितर आणि तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलु यांस देतात. सरफोजी महाराजांच्या दरबारात पाश्चात्य वाद्यांची आवड होतीच. परंतु ते वाद्य आले म्हणून वीणा कोणी उचलून माडीवर टाकली नाही, की गायकास उभे राहून गा असे कोणी सांगितले नाही. उलट त्या वाद्यानेच आपली बैठक बदलली. युरोपात ते हनुवटीखाली धरतात. येथे वादक मांडी घालून बसला आणि वाद्याचे टोक पावलावर टेकले. त्याच्या तारा गायकाच्या षड्ज-पंचमाशी जुळविण्यात आल्या. नव्याने जुन्याच्या अंगवळणी पडावे, जुन्यास पिळू नये, हा नियम त्या वादकांनी कोठे लिहून ठेवला नाही. तो त्यांनी पाळला. आज त्या वाद्यावाचून मैफल अपुरी वाटते. न लादता आलेले नवे अधिक खोल रुजते, असा याचा अर्थ आहे.

याच कसोटीवर आजचा ताजा वाद घासून पाहावा. डिसेंबर २०२५ मध्ये मोझिलाच्या नव्या प्रमुखाने फायरफॉक्सला कृत्रिम बुद्धिमत्तेचा ब्राउझर करण्याचा मनोदय प्रकट केला, आणि जुन्या वापरणाऱ्यांनी मोठी ओरड केली. फेब्रुवारी २०२६ मध्ये या सर्व सोयी एकदम बंद करता येतील असा एक खटका देण्याचे मोझिलाने जाहीर केले. हे चांगले झाले. तक्रारीस फळ येते हे त्यावरून दिसले. तरीही आम्हांस एक शंका राहते. बंद करण्याचा खटका देणे आणि चालू करण्याचा खटका देणे यांत विद्युतशास्त्राच्या दृष्टीने भेद नसेल; नीतीच्या दृष्टीने आहे. पहिल्यात पाहुणा आत येऊन बसलेला असतो आणि त्यास ‘जा’ म्हणण्याची परवानगी आपणांस मिळते. दुसऱ्यात तो दारावर थाप मारतो.

वापरणाऱ्याकडेही काही कर्तव्ये येतात, हे सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होणार नाही. आपला वाटा अर्धा आहे, सबंध नाही. उद्या येणाऱ्या नवख्या माणसाची सोय ही आपली गैरसोय असेल, तर ती काही अंशी सोसली पाहिजे. आवश्यक बदलास केवळ सवयीच्या नावाने अडवू नये. चांगले झाले तेव्हा चांगले म्हणावे. जो फक्त तक्रारीच्या वेळी तोंड उघडतो त्याची तक्रारही पुढे कोणी ऐकत नाही. आणि जे मिळाले ते कोणा तरी अनामिकाच्या श्रमाने मिळाले, हे विसरू नये.

एवढे पाळून वापरणाऱ्याने विचारावे: बदल केलात, कारण काय? आधी सांगितले का? नको म्हणण्यास दार ठेवले का? हे तीन प्रश्न विचारण्यास वस्तू विकत घेतलेली असावी लागत नाही. ती आपल्या हातांनी वापरलेली असली म्हणजे पुरे.