जोडीने केलेली यात्रा आणि फळाचा हिशेब

लग्नानंतर नव्या जोडप्याने कुलदैवताला जाऊन यायचे, हा रिवाज महाराष्ट्रात बहुतेक सगळ्या समाजांत आहे. ज्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी, त्यांची वाट धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरला येते. सोलापूरहून हे अंतर साधारण ४५ किलोमीटर. भल्या सकाळी निघाले की गर्दी नसेल तर दुपारच्या आत दर्शन उरकते. मग हाताशी उरलेल्या दिवसात नळदुर्गचा किल्ला होतो, आणि उन्हे कलायच्या आत जमले तर तेरही. घरची वडील माणसे यावर कधीकधी नाक मुरडतात: देवाच्या नावाने निघाले आणि सहल करून आले. तक्रार जुनीच आहे. धर्मशास्त्रकारांनी तिचा विचार काही शतकांपूर्वीच केला होता, आणि उत्तर चक्क अपूर्णांकांत दिले होते.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला. त्यातल्या तीर्थयात्रेच्या विवेचनात ही सारी वजाबाकी सापडते. दुसऱ्याच कामाने निघालेला माणूस वाटेत तीर्थ लागले म्हणून थांबला, तर त्याला निम्मे फळ. दुसऱ्याच्या वतीने जाणाऱ्याला सोळावा हिस्सा. वाहनात बसून गेल्यास अर्धे फळ जाते, छत्री-पादत्राणे वापरल्यास आणखी काही कटते, तीर्थी व्यापार केला तर तीन हिस्से बुडतात आणि दान घेतले तर सगळेच. हा हिशेब जसाच्या तसा लावला, तर आजच्या काळात पूर्ण फळ मिळवणारा यात्रेकरू विरळाच. कोजागिरीच्या पौर्णिमेला सोलापूर, लातूरकडून तुळजापूरला पायी येणारे भाविक त्यातल्या त्यात जवळ पोहोचतात. गाडीने आलेले नवरा-नवरी फाटकाशी उतरतात तेव्हाच अर्ध्यावर आलेले असतात.

पण ही यादी नीट पाहिली तर तिच्यात आनंदाला कुठेही दंड नाही. दंड आहे तो दुसऱ्या हेतूला, आरामाला आणि नफ्याला. तुळजाईसाठी निघालेले जोडपे पुढे नळदुर्गला धबधबा पाहायला गेले, म्हणून त्याचे काही वजा होत नाही. धबधब्यासाठी निघून वाटेत तुळजापूर करणाऱ्याचे मात्र निम्मे जाते. तरीही निम्मे उरतेच. शास्त्रकारांनी प्रसंगाने घडलेल्या दर्शनाला शून्य दिले नाही, आणि हा उदारपणा नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांपेक्षा मोठा आहे. महाभारताच्या वनपर्वात तर कसोटीच वेगळी आहे: ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे, जो समाधानी आणि अहंकाररहित आहे, त्याला तीर्थाचे फळ मिळते.

दुसरा प्रश्न जोडीचा. पद्मपुराणाच्या भूमिखंडात कृकल नावाच्या वाण्याची गोष्ट आहे. आपली बायको सुकला हिला वाटेचे कष्ट सोसणार नाहीत, असा विचार करून तो तिला न सांगता एकटाच यात्रेला गेला. परतताना त्याला कळले की पत्नीला सोडून केलेली सारी यात्रा वाया गेली. कुलदैवताला जोडीने जाण्यामागे हाच विचार दिसतो: गृहस्थाचा धर्म दोघांचा मिळून एक असतो.

तुळजापूरच्या कथा मात्र या नियमाशी सरळ जुळत नाहीत. इथली देवी ज्या बाईच्या हाकेला धावून आली, ती अनुभूती विधवा होती. पती कर्दम ऋषींच्या मृत्यूनंतर ती सती जायला निघाली, पण पदरी लहान मूल असल्याने तिला थांबवण्यात आले. पुढे ती तपाला बसली असता कुकुर दैत्याने तिला छळले, तेव्हा भवानी प्रकटली. गावातल्या घाटशीळ मंदिराची आख्यायिका सीतेच्या शोधात वणवण करणाऱ्या रामाची आहे. देवीने त्याला इथे लंकेची वाट दाखवली, असे मानतात. म्हणजे जोडप्यांच्या या क्षेत्री देवीने दोन्ही वेळा कृपा केली ती जोडीतून एकट्या पडलेल्यांवर. कृकलाच्या कथेशी याचा मेळ घालायचा, तर असे म्हणावे लागते की दोष एकटेपणाला नाही, सोबतीला असलेल्या माणसाला टाकून जाण्याला आहे.

प्रत्यक्ष दर्शनात ही चर्चा कुणाच्या डोक्यात नसते. महाद्वारातून पायऱ्या उतरून खाली जायचे, कल्लोळ आणि गोमुख तीर्थांवर हातपाय धुवायचे, मग रांग. नवरीच्या हातात ओटीचे ताट: साडी, खण, नारळ, हळद-कुंकू. मंदिराच्या आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरतात. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. इथे जोडप्यातला प्रत्येक जण आपापला प्रश्न धरतो, आणि तो दुसऱ्याला सांगायचे बंधन नाही.

नळदुर्गला बोरी नदी अडवून बांधलेल्या भिंतीच्या पोटात आदिलशाही काळातला पाणीमहाल आहे. नदीला पूर आला की पाणी दोन सांडव्यांवरून कोसळते आणि आतल्या सज्जात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. लोकांनी त्या दोन धारांना नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. पावसाने उघडीप दिलेल्या लख्ख उन्हाच्या दिवशी इथे जोडप्यांची फोटोसाठी झुंबड उडते. नळदुर्गात निव्वळ पर्यटन आहे, असेही नाही. इथला खंडोबा वर्षातला बराच काळ शेजारच्या अणदूरला असतो आणि ठरल्या वेळी नळदुर्गला येतो. देवच जागा बदलतो तिथे भक्ताच्या फिरण्याला किती नावे ठेवायची?

तेरला संत गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांची कथा संसार आणि भक्ती यांच्या ओढाताणीची आहे: नामात रंगून माती तुडवताना पायाखाली मूल गेले, बायकोने संतापून आपल्याला न शिवण्याची विठ्ठलाची शपथ घातली, आणि त्यांनी ती पाळली. पंढरीची वारी करणाऱ्या या संतांनी कुंभाराची माती मात्र सोडली नाही. यात्रेला निघणे आणि घरचे काम करत राहणे यांत त्यांनी निवड केली नाही.

जोडपे परतले तरी विधी संपत नाही. अनेक घरांत त्यानंतर गोंधळ घालतात. गोंधळी संबळ आणि तुणतुणे घेऊन येतात, दिवटी पेटते, आणि गावोगावच्या देवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलावले जाते. यात्रेला न गेलेले सासू-सासरे, दीर-नणंदा, शेजारी या रात्री घरीच असतात, आणि देवीच त्यांच्याकडे येते. त्यांच्या फळाचा हिस्सा किती, याचे कोष्टक शास्त्रकारांच्या यादीत नाही.