धीर देणे हेही काम आहे

कॅन्सरचा रिपोर्ट हाती आला की आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिली चर्चा उपचारांची होत नाही. ‘त्यांना सांगायचं का?’ यावरच ती अडते. मुलगा आईला बाहेर बाकावर बसवतो, फाईल घेऊन आत जातो, दार लोटून घेतो आणि डॉक्टरांना म्हणतो, ‘आईसमोर नाव काढू नका, ती हाय खाईल.’ मग घरात सगळे एक नवी भाषा बोलू लागतात. कॅन्सरला ‘गाठ’ म्हणायचे, केमोला ‘ताकदीचं सलाईन’, रेडिएशनला ‘शेक’. परळला जायचे ते ‘मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ’ म्हणून. हे सगळे मायेपोटी होते, त्यात खोट काढायची माझी इच्छा नाही. पण ‘टाटाला नेलंय’ एवढे दोन शब्द मराठवाड्यातल्या लहानशा गावातही पुरेसे असतात, आणि ज्या बाईला टाटाला नेलेले असते तिला ते शब्द ठाऊक नसतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. तिला कळलेले असते. आपल्याला कळले आहे हे मुलाला कळू नये म्हणून ती हसते. मुलगा तिच्यासाठी हसतो. रात्री दोघेही जागे असतात आणि दोघेही झोपेचे सोंग घेतात.

आजारी माणसाला आधार हवा असे सगळेच म्हणतात. माझे म्हणणे थोडे नेमके आहे. कॅन्सर झालेल्या माणसाला सर्वांत जास्त गरज असते ती ज्याच्यासमोर सोंग घ्यावे लागत नाही अशा एका तरी माणसाची. घरच्यांवर कितीही जीव असला तरी हा माणूस घरात क्वचित मिळतो, कारण घरच्यांचे दुःख सांभाळणे हेही रुग्णाने आपल्याच अंगावर घेतलेले असते. म्हणून तो घराबाहेर मिळावा लागतो, आणि बाहेर तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी जागा लागते, वेळ लागतो, शिकलेली माणसे लागतात, पैसा लागतो. केमोच्या औषधांची सोय करावी लागते तशीच याचीही करावी लागते.

ही सोय कशी असते ते पाहायचे असेल तर परळ-दादरकडे पाहावे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. आज बंगाल-बिहारपासून गडचिरोलीपर्यंतची माणसे तिथे येतात. उपचार एका भेटीत संपणारे नसतात. रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा सहा-सात आठवडे. केमोची एक सायकल झाली की तीन आठवड्यांनी दुसरी, आणि मध्ये काउंट खाली गेले की तारीख पुढे. गावी जाऊन परत येणे परवडत नाही, मुंबईत खोली घेणे तर त्याहून नाही. म्हणून काही कुटुंबे फुटपाथवर प्लास्टिक टाकून राहतात, आणि ज्यांचे नशीब बरे ती दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत, नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात किंवा अशाच एखाद्या ठिकाणी. लहान मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे आहेत. तिथे मूल आणि आईबाप एकत्र राहतात आणि आई स्वतःच्या हाताने स्वयंपाक करते. या सगळ्यांनी मुळात निवारा द्यायचा म्हणून दारे उघडली. प्रत्यक्षात तिथे त्याहून मोठी गोष्ट घडते.

अशा एका धर्मशाळेच्या सामायिक स्वयंपाकघरात ऐकलेले बोलणे सांगतो. बीडकडची एक बाई, छातीचे ऑपरेशन होऊन काही महिने झालेले, नुकत्याच आलेल्या साताऱ्याच्या बाईला सांगत होती. ‘ताई, डाव्या हाताला सुई टोचू द्यायची न्हाई. बीपीचा पट्टापण न्हाई. काखेतल्या गाठी काढल्यात ना, मग हात सुजतो. पाण्याची कळशी उजव्या हातानं. अन् शेक सुरू झाला की त्या निळ्या खुणा धुवायच्या न्हाईत, जुनं सुती पोलकं घालायचं, सैल.’ दुसरी ऐकत होती. मग तिने खाली मान घालून विचारले, ‘मालक काय म्हणाले तुमचे?’ बीडची बाई भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, ‘पयल्यांदा नजर फिरवली. मीच म्हणाले, बघा एकदा, मग भ्या वाटणार न्हाई.’ त्यावर दोघीही रडल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. तोंड आलेल्या माणसाला नाचणीची पातळ पेज कशी करायची, हे मग शेजारच्या ओट्यावरून तिसरीने सांगितले.

या दहा मिनिटांत काय काय झाले ते पाहा. हातावर सूज येऊ नये म्हणून घ्यायची काळजी एकीकडून दुसरीकडे गेली. ही माहिती डिस्चार्जच्या कागदावर असते, पण कागद इंग्रजीत असतो. त्याहून मोलाचे म्हणजे जो प्रश्न ती बाई सर्जनला विचारणार नव्हती, नवऱ्याला नाही, सासूला तर नाहीच, तो तिने विचारला आणि त्याचे खरे उत्तर तिला मिळाले. आणि तिसरी गोष्ट कोणी बोललेही नाही. ऑपरेशन होऊन काही महिने झालेली बाई समोर उभी राहून भाकरी थापत होती. ‘तुम्ही बऱ्या व्हाल’ या डॉक्टरांच्या वाक्यापेक्षा हे दिसणे जास्त पटते.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर हे फार जाणवते. तंबाखू-गुटख्याने महाराष्ट्रात हा आजार घरोघरी नेला आहे. जबड्याचा भाग काढलेला, नाकात नळी, बोलणे अस्पष्ट, लाळ गळते म्हणून हातात सतत रुमाल. असा माणूस गावच्या लग्नाच्या पंगतीला जाणे सोडतो, मग पारावर बसणे सोडतो, मग घरातही वेगळे ताट घेऊन आत जातो. कॅन्सर लागत नाही, एकाच्या ताटातून दुसऱ्याला होत नाही, हे आज पुन्हा पुन्हा सांगावे लागते ही लाजेची गोष्ट आहे. धर्मशाळेत मात्र त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्याही नाकात नळी असते. तिथे तो ओशाळत नाही.

आता एका गैरसमजाबद्दल, कारण त्याने फार नुकसान केले आहे. ‘पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनाचा असतो’ हे वाक्य भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जातो. बोलणाऱ्याला ते धीराचे वाटते, ऐकणाऱ्यावर ते ओझे होते. कारण त्याचा उलट अर्थही त्यातच असतो: आजार वाढला तर तुझे मन कमी पडले. अमेरिकन लेखिका बार्बरा एरेनराइख यांना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा याच सक्तीच्या आनंदाने त्या संतापल्या होत्या, आणि 2009 मधल्या ‘ब्राइट-सायडेड’ या पुस्तकात त्यांनी त्यावर सविस्तर लिहिले. वर्तमानपत्रांतल्या ‘कॅन्सरशी झुंज’ आणि ‘झुंज अपयशी’ या मथळ्यांनी तेच होते. मेलेला माणूस हरलेला ठरतो. मॉर्फिन मागणारा, ‘आता पुढची केमो नको’ म्हणणारा, रडणारा माणूस कमकुवत नसतो. त्याला रडू देणे हा आधाराचा पहिला भाग आहे.

या बाबतीत संशोधनाचा इतिहासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या 86 स्त्रियांपैकी काही जणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून मोकळेपणाने बोलत, आणि त्या सरासरीने बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. या निष्कर्षाने जगभर उत्साह पसरला. पुढे कॅनडात 235 स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही, 2007 मध्ये, तो परिणाम एकूणात दिसला नाही. पण कॅनडाच्या अभ्यासात गटात बसणाऱ्या स्त्रियांचे मानसिक क्लेश कमी झाले आणि वेदनाही कमी जाणवल्या. ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना फायदा जास्त झाला.

आयुष्य वाढत नाही म्हटल्यावर अनेकांचा रस संपतो. माझ्या मते खरा मुद्दा इथेच सुरू होतो. वेदना आणि भीती कमी होणे याला स्वतःची किंमत नाही का? गुडघ्याच्या ऑपरेशनने आयुष्य वाढत नाही, तरी आपण ते करतो, कारण चालता येते. मग कॅन्सरच्या रुग्णाची रात्र सुसह्य करणारा आधार त्याला अधिक जगवतो असा पुरावा का मागायचा?

नुसती माणसे एकत्र आणली की झाले, असेही नाही. जिथे रुग्ण जमतात तिथे अफवाही जमतात. कोणी काढ्याची बाटली सुचवते, कोणी साखर आणि धान्य पूर्ण बंद करायला सांगते, कोणी एखाद्या वैदूचा पत्ता देते, आणि मधेच केमो सोडलेला माणूस सहा महिन्यांनी गाठ दुप्पट घेऊन परत येतो. गटातला एक जण गेला की बाकीच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून अशा बैठकीत शिकलेला समुपदेशक किंवा वैद्यकीय समाजसेवक असणे आवश्यक आहे. पैशाचा प्रश्नही वेगळा काढता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा खर्च मिळू शकतो, पण मुंबईतली खोली, बुडालेली मजुरी, विकलेली जनावरे हा खर्च घरावरच असतो. ‘माझ्यापायी पोरांचं शिक्षण थांबलं’ असे मनाशी म्हणणाऱ्या बापाला समुपदेशनाबरोबर योजनेचा फॉर्म भरून देणारा माणूस लागतो. आणि त्याची बायको, जी रात्री कॉटखाली सतरंजीवर झोपते आणि दिवसा रांगेत उभी असते, तिला ‘तुम्ही जेवलात का?’ असे विचारणारे कोणी नसते. रुग्णाच्या फाईलमध्ये तिच्यासाठी एक ओळही नसते.

आपल्या देशात हे संघटितपणे करता येते याचा पुरावा केरळने दिला आहे. 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पुढे मलप्पुरम आणि आसपास शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी यांनी थोडे प्रशिक्षण घेतले, वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची जबाबदारी वाटून घेतली आणि खर्चासाठी लोकांकडून छोट्या छोट्या रकमा गोळा केल्या. नर्स घरी जाते, डॉक्टर गरज पडली की जातात, आणि रोज डोकावणारा माणूस शेजारचाच असतो. 2008 मध्ये तिथल्या सरकारने परिहार सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, धोरणच केले, असे धोरण करणारे ते पहिले राज्य.

महाराष्ट्राला हे शिकायला लांब जावे लागू नये. बांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 चे, देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून विनामूल्य काम करते, आणि तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेऊन काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. टाटातही परिहार सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. पण हे सारे मुंबई-पुण्यात. हिंगोली किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला घरी पाठवताना ‘आता घरीच सेवा करा’ एवढेच सांगितले जाते, आणि सेवा म्हणजे नेमके काय, वेदना असह्य झाली तर कोणाला फोन करायचा, हे बहुतेकदा कोणीच सांगत नाही.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा, रोग्याला औषधोपचार यांच्याच रांगेत दुःखी आणि निराश माणसाला हिंमत देणे येते. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा उभारणाऱ्या माणसाने हिंमतीला अन्नापाण्याच्या बरोबरीने बसवले. आपण मात्र ती सद्भावनेवर सोडली: कोणाला जमेल त्याने द्यावी, न जमल्यास नको. जे फक्त सद्भावनेवर असते त्याला अंदाजपत्रकात रकाना नसतो.

2025 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली, त्यांतली 200 पहिल्याच वर्षी. हे चांगले आहे, रुग्णाला केमोसाठी परळपर्यंत यावे लागणार नाही. पण त्याबरोबर तो धर्मशाळेच्या स्वयंपाकघरालाही मुकेल. जिल्ह्याच्या ठिकाणी सलाईन लावून संध्याकाळी एसटीने घरी जाणाऱ्या बाईला बीडची ती बाई भेटणार कुठे? म्हणून या प्रत्येक केंद्रात खुर्च्या आणि पलंगांबरोबर एक वेगळी खोली हवी आणि एक पगारी समुपदेशक हवा. आठवड्यातला एक वार ठरलेला हवा, त्या दिवशी उपचार पूर्ण झालेले रुग्ण नव्या रुग्णांना भेटतील. मॉर्फिन तिथेच मिळायला हवे. इमारतींचे आराखडे आणि पदांच्या याद्या तयार होत असताना हे सांगायला हवे, नंतर खोली मिळत नाही.

आणि वाचकांपैकी जे स्वतः या आजारातून गेले आहेत त्यांना एक विनंती. उपचार संपले की ते दिवस मागे टाकावेसे वाटतात, ते समजण्यासारखे आहे. पण तुमच्याकडे जे आहे ते कोणत्याही तज्ज्ञाकडे नाही. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन समाजसेवा विभागात नाव द्या, आणि आठवड्यातून एक सकाळ तिथल्या बाकावर बसा.