सड्यावरच्या रेषांचा कर्ता

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, कातळात कोरलेली हजाराहून अधिक चित्रं आजवर नोंदली गेली आहेत. त्यांतली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तेव्हापासून एक प्रश्न मोबाइलच्या पडद्यावरून पुन्हा पुन्हा विचारला जातो: हे परग्रहावरून आलेल्यांचं काम तर नव्हे? त्यावर हसून पुढे जाणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. गावोगावी हीच चित्रं पांडवांची म्हणून सांगितली जात होती, आणि पांडव काय, उडती तबकडी काय, दोन्हींच्या मागे तर्काची एकच चाल आहे. समोर असाधारण काम दिसतं, साधारण माणसाच्या हातून ते होणं पटत नाही, म्हणून कर्ता असाधारण ठरतो.

या चालीला भारतीय तर्कपरंपरेतल्या मीमांसकांनी नाव दिलेलं आहे: अर्थापत्ती. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असलाच पाहिजे. न दिसलेली गोष्ट मानायला लावणारं हे प्रमाण आहे, आणि त्याला त्यांनी अटही घातली. ती गोष्ट मानल्यावाचून दिसणाऱ्या वस्तुस्थितीची संगती दुसऱ्या कोणत्याही प्रकारे लागता कामा नये. देवदत्त पहाटे उजाडण्याआधी जेवतो असं निघालं, तर रात्रीच्या मेजवानीची कल्पना करण्याची गरज उरत नाही. परग्रहवासीयांची कल्पना अडते ती या अटीपाशी.

या कल्पनेच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आकाराचा आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, तेव्हा तो वरून पाहणाऱ्यासाठी आणि वरून पाहणाऱ्यानेच काढला, असं म्हणतात. या वाक्यात दोन वेगळे दावे एकमेकांना चिकटवले आहेत. श्रौत परंपरेतली श्येनचिती आठवावी. पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची ही विटांची वेदी. तिचा पक्षी खरा दिसतो तो वरूनच. ती रचण्याची रीत मात्र शुल्बसूत्रांत दोरी, खुंटी आणि पुरुषभर लांबीच्या मापानं सांगितली आहे, आणि ती रचणारे जमिनीवरच उभे होते. पाहणारा आकाशातला मानला, म्हणून करणारा आकाशातला ठरत नाही. शिवाय त्या हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत लहान लहान प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. ते पाहायला विमान लागत नाही, वाकावं लागतं.

दुसरा मुद्दा प्राण्यांचा. काही चित्रांत गेंडा ओळखू येतो, आणि कोकणात गेंडा कुठला? आज नाही, हे खरं. पण गुजरातेत लांघणज इथल्या मध्याश्मयुगीन वस्तीच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं आहे. पश्चिम भारतातला माणूस गेंडा ओळखत होता, एवढं त्यानं नक्की होतं. तिसरा मुद्दा देवाचे गोठणे इथला. तिथल्या चित्राजवळ होकायंत्राची सुई भरकटते, आणि हे ऐकलं की गूढतेचे भोक्ते खूश होतात. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि वीज कोसळल्यानं खडकात टिकाऊ चुंबकत्व येऊ शकतं, हे भूशास्त्राला परिचित आहे. कोरणाऱ्यांना त्या जागेचं काही वेगळेपण जाणवलं होतं का, हा सुंदर प्रश्न आहे. पण तो माणसांविषयीचा प्रश्न आहे.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या अफाट विश्वात आपणच एकटे, हा तर अहंकार झाला. मान्य. पण कुठेतरी जीवसृष्टी असणं आणि ती कोकणातल्या सड्यावर छिन्नी घेऊन येणं, यांत फार मोठं अंतर आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना पृथ्वीबाहेरच्या जीवाची शक्यता मनापासून खुणावत होती. म्हणूनच २००१ साली हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्याच्या प्रयोगात ते होते, आणि ते नमुने इथल्याच जंतूंनी दूषित होऊ नयेत यावर त्या प्रयोगाचा मोठा भर होता. अज्ञात हवाई घटनांवरच्या नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटानंही सप्टेंबर २०२३ मध्ये परग्रहाकडे बोट दाखवणारा पुरावा नसल्याचं सांगितलं आणि अधिक चांगली निरीक्षणं मागितली. खुल्या मनाला इतकी मेहनत पडते. परग्रहाच्या तर्काला ती नको असते. त्याला कर्ता आयता मिळतो. (पांडवांच्या कथेनं निदान चित्रं गावाच्या ओळखीत ठेवली. तबकडीवाला तेवढंही करत नाही.)

मला वाटतं, या तर्काचं मूळ श्रद्धेपेक्षा ड्रोनमध्ये अधिक आहे. बहुतेकांना ही चित्रं आधी वरून भेटतात: चौकटीत नेमकी बसलेली, सडा पुसून टाकलेली. ज्या स्थानिक अभ्यासकांनी ती उजेडात आणली, त्यांना ती पायी भेटली. गुराख्यांना विचारत, पाऊलवाट नसलेल्या कातळावर, गवत वाळल्यानंतरच्या दिवसांत. पायी येणाऱ्याला कशेळीला आधी हत्ती दिसतच नाही. पायाशी एक खोलगट रेघ लागते. तिच्या कडेकडेनं चालत राहिलं की ती वळते, आत एक मासा भेटतो, मग आणखी एखादं जनावर, आणि बऱ्याच पावलांनंतर चालणाऱ्याच्या लक्षात येतं की आपण सोंडेवरून उतरतो आहोत. कोरणाराही त्या रेषेवरून असाच सरकला असणार, फक्त बसून, हातभर हातभर.