किती दिवस ठेवायचे?

भिलाईचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला पोलाद आठवते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. मागोमाग वसाहत वाढली, सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय उभे राहिले आणि नोकरीच्या निमित्ताने नागपूर-भंडारा-गोंदियाकडची अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. कारखान्याच्या कायम कामगाराच्या घरी अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले, तर त्याच्या उपचाराची काळजी कारखाना वाहतो. कंत्राटी मजुराचे तसे नाही. वाचकहो, आज मी जे सांगणार आहे ते अशाच एका मजुराच्या घरचे आहे आणि त्यात दोष कोणाचा असेल तर तो माझा आहे.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील या तरुणाची पत्नी अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. वजन नऊशे ग्रॅम. एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तिला ठेवले होते. सहाव्या दिवशी रात्री मला प्रार्थनेसाठी बोलावणे आले. काचेच्या पेटीत तळहाताएवढा तो जीव, नाकातोंडात नळ्या, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती. मी प्रार्थना केली. जिन्यावर बापाने मला गाठले आणि खालच्या आवाजात विचारले, "काका, हिला आता किती दिवस ठेवायचं?"

मी म्हणालो, "देवावर भरवसा ठेव. सोडू नकोस." आणि घरी येऊन झोपलो.

अकराव्या दिवशी मुलगी गेली. पाचव्याच दिवशी तिच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता आणि डॉक्टरांनी बापाला दोनदा बसवून सगळे समजावून सांगितले होते, हे मला पुढे कळले. मी विचारलेच नव्हते. मधल्या पाच दिवसांसाठी त्याने गावाकडचे अर्धा एकर शेत गहाण टाकले. आजारी नवजात बालकावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार करण्याची योजना २०११ पासून आहे आणि जिल्हा रुग्णालयांतून असे खास कक्षही आहेत, हेही मला त्या रात्री ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते फक्त उत्तर.

त्या बापाच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते, असे मला आता वाटते. या लेकराच्या जगण्याला मोल आहे काय, हा एक. तो विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही, कारण नऊशे ग्रॅमचे मूलही देवाच्याच प्रतिरूपाचे आहे. या उपचाराने लेकराचे आता काही भले होत आहे काय, हा दुसरा. तो रोज सकाळी विचारलाच पाहिजे आणि त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे मागितले पाहिजे. बापाने दुसरा प्रश्न विचारला. मी पहिला ऐकला आणि त्याला श्रद्धेची शपथ घातली.

उलट बाजूची चूक अधिक भयंकर आहे, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळदा पहिलाच प्रश्न दुसऱ्याचा वेष घेऊन येतो. "पुढे अधू निघाली तर?" "मुलगीच आहे ना, मग एवढा खर्च?" सरकारी नवजात कक्षांत दाखल होणाऱ्यांत मुलींची संख्या मुलग्यांहून कमी असते. मुलगे जन्मतः थोडे अधिक नाजूक असतात हे खरे, पण तेवढ्याने ही तफावत भरून निघत नाही. बरे होऊ शकणारे मूल नकोसे म्हणून घरी नेणे आणि मरणाच्या दारी पोचलेल्या मुलाच्या नळ्या काढून त्याला आईजवळ देणे, ही दोन्ही कृत्ये बाहेरून सारखीच दिसतात. दोहोंत सही एकाच तऱ्हेच्या कागदावर होते. एक त्याग आहे आणि दुसरे शरणागती. पण कोणते कोणते, हे जिन्यावर घाईघाईने ठरत नाही.

शिवाय रेषा एका जागी राहत नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि श्वासाच्या त्रासाने ३९ तासांत गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली बापाला काही करता आले नाही. १९८० मध्ये जपानमधील फुजिवारा यांनी फुप्फुसे उघडी ठेवणारे द्रव्य अशा बाळांना देऊन ती वाचविल्याचे प्रसिद्ध केले, आणि तसे मूल आज बहुधा वाचते. उपचारांच्या साधारण आणि असाधारण साधनांविषयी पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे विवेचन केले होते; तेव्हाचे असाधारण ते आज साधारण झाले आहे. पण मदतीचा हातही इजा करतो. १९४० नंतरच्या दशकात मुक्तहस्ताने दिलेल्या प्राणवायूने जगभर हजारो अपुऱ्या दिवसांची बालके आंधळी झाली. अधिक उपचार म्हणजे अधिक प्रेम, हे समीकरण मला आता धड वाटत नाही.

आणि दक्षता काही केवळ यंत्रात नसते. भिलाईहून राजनांदगाव मागे टाकून पुढे गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायकांनाच नवजात बालकांची सेवा शिकविली. श्वास मोजायचा, वजन करायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचे. हजार जन्मांमागे ६२ बालके महिन्याच्या आत मरत होती; तिसऱ्या वर्षी ती २५ वर आली. हा वृत्तान्त १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवले. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील अभ्यासाने दाखविले की जन्मल्याबरोबर असे केले तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात. आमच्या मंडळीतील किती बहिणींना हे माहीत आहे? रुग्णालयाच्या जिन्यावर प्रार्थनेला जाणारे आम्ही, गरोदर भगिनीच्या घरी सातव्या महिन्याआधी किती वेळा जातो?

दाविदाच्या तान्ह्या मुलाची गोष्ट आपण सर्वजण जाणता. तिच्यातील शिक्षेचा भाग मी येथे मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण अशा कक्षाबाहेर बसलेल्या आयांना "तुझे काय पाप?" असे विचारणारे नातलग पुरेसे आहेत, आणि जन्मांधाविषयीच्या तशाच प्रश्नाला प्रभूने काय उत्तर दिले तेही आपण जाणता. मला त्या बापाचे वागणे दिसते. मूल जिवंत असेतो तो सात दिवस उपाशी, जमिनीवर पडून विनवण्या करीत राहिला. ते गेल्यावर उठला, अंघोळ केली, मंदिरात जाऊन आला आणि जेवला. सेवक चकित झाले. झगडण्याची वेळ आणि सोडण्याची वेळ त्याने वेगळी ओळखली होती. दोन्हींत त्याचा विश्वास एकच होता.

आमच्या त्या तरुणाने मला कधी दोष दिला नाही. उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो. वर्षभराने त्याच्या पत्नीने माझ्या पत्नीला सांगितले: अकराव्या दिवशी नळ्या काढल्यावर परिचारिकेने लेकीला तिच्या पदरात दिले. तोवर तिने तिला एकदाही उराशी धरले नव्हते. साधारण चाळीस मिनिटे ती तशीच बसून होती. नवरा शेजारी उभा होता. मी तेथे नव्हतो.